लेगिंगमधून डास चावतो, मग अंगात काय घालायचं?

वाचकाचं पत्र : आमचं घर सावंतवाडीजवळच्या गावात, घरामागे माड-पोफळीची बाग. वाडीत यंदा दोघांना डेंगी झाला. तेव्हापासून पूर्ण अंगभर कपडे घाला म्हणून मी घरातल्या सगळ्यांच्या मागे लागले आहे. मुलगी कॉलेजला जाते, पायभर लेगिंग घालते, तरी तिच्या पोटऱ्यांवर आणि मांड्यांवर गांध्या उठतात. मुलगा सहावीत, शाळेची हाफ पँट. यजमान बागेत बनियन-बर्म्युडावर काम करतात, घामात पूर्ण बाह्या सोसवत नाहीत म्हणतात. सासूबाई लुगडं नेसतात. पांढऱ्या कपड्यांवर डास येत नाहीत हे खरं का? कपड्यांवर मारायचा स्प्रे आणि चिकटवायचे स्टिकर ऑनलाइन मिळतात, ते घ्यावेत का? आणि शिंप्याकडे टाकायचंच झालं तर कापड कोणतं घेऊ?
— एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर :

ताई, तुमच्या मुलीच्या लेगिंगपासून सुरुवात करू. तिचे पाय पूर्ण झाकलेले आहेत आणि तरीही डास चावतो. हे कसं होतं ते कळलं की बाकीच्या प्रश्नांपैकी निम्मे आपोआप सुटतील.

चावते ती डासाची मादी. तिची सोंड साधारण २ मिलिमीटर लांब असते. आपल्याला दिसते ती सोंड म्हणजे बाहेरचं आवरण. आत सहा अतिशय बारीक सुया असतात. चावताना ते आवरण कातडीत जात नाही, मागे दुमडतं, आणि सुयांची जुडी तेवढी आत शिरते. ही जुडी माणसाच्या केसाहून बारीक असते. लेगिंगचं कापड होजिअरीचं, म्हणजे धाग्याचे फासे एकात एक अडकवून केलेलं. ताण पडला की फाशांमधली भोकं उघडतात. त्यात लायक्रा, त्यामुळे कापड दिवसभर ताणलेलंच राहतं आणि कातडीला घट्ट चिकटतं. जाडी एक मिलिमीटरसुद्धा नाही. मादीला धागा फाडावाही लागत नाही. ती भोकातून सुया घालते, आणि कापडाची जाडी वजा जाऊनही तिच्याकडे रक्तापर्यंत पोचण्याइतकी लांबी उरते.

आता त्याच मुलीला साध्या सुती कापडाची सैल सलवार घाला. कापड लेगिंगहून पातळ असेल, पण ते कातडीपासून एक-दोन सेंटिमीटर लांब लोंबत राहतं. मादी कापडावर बसते, सोंड घालते, आणि तिला आत हवा मिळते. म्हणून अंग झाकलं का यापेक्षा कापड आणि कातडी यांच्यात अंतर राहिलं का, हे आधी बघायचं. मच्छरदाणीचंही असंच असतं. तिच्या जाळीला एका चौरस इंचात साधारण १५६ भोकं असतात, त्यातून डास आत येत नाही. पण झोपेत कोपर किंवा गुडघा जाळीला टेकला की तो बाहेरूनच चावतो.

सैल कपड्याचा आणखी एक उपयोग अलीकडे लक्षात आला आहे. डेंगी पसरवणारा एडिस डास माणसाच्या अंगातून निघणारी उष्णतेची अवरक्त किरणं ओळखतो, साधारण ७० सेंटिमीटरपर्यंतच्या अंतरावरून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांनी २०२४ मध्ये हे दाखवलं. कापड आणि कातडी यांच्यात हवा खेळती असली की ही उष्णता विरून जाते आणि डासाला नेम धरणं अवघड होतं. घट्ट कापड मात्र कातडीइतकंच तापतं.

अंतर कुठे नाहीसं होतं

उभं राहिल्यावर सैल वाटणारा कपडा बसल्यावर सैल राहत नाही. गुडघा वाकला की गुडघ्याच्या वाटीवर आणि मांडीच्या वरच्या बाजूला कापड ताणतं. खुर्चीत बसलं की कुल्ल्यांखाली आणि मांडीच्या मागे ते दाबलं जातं. प्लास्टिकच्या पट्ट्यांची किंवा वेताची खुर्ची असेल तर डास खालून चावतो. खवाट्यांवर आणि खांद्यांवर शर्ट आपल्या वजनानेच टेकलेला असतो. पुढे वाकून काम करताना पाठीवर कापड ताणून बसतं. कपड्याखाली पाठीच्या वरच्या भागात किंवा मांडीमागे डास चावल्याच्या खुणा दिसल्या, तर त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

त्यामुळे कपडा उभ्याने बघून पसंत करू नका. माणसाला पाटावर किंवा उकिडवं बसवा, मग मांडीवरचं, गुडघ्यावरचं आणि पाठीवरचं कापड चिमटीत धरून उचला. सहज दोन-तीन सेंटिमीटर वर आलं तर ठीक. ओढून जेमतेम आलं, तर त्या जागी डास चावणार हे धरून चाला. तिथे कापडाचा दुसरा थर हवा.

अंतर नाहीसं होण्याचं दुसरं कारण घाम, आणि कोकणात ते पहिल्याइतकंच मोठं आहे. ओलं झालेलं सुती कापड अंगाला चिकटतं. सकाळी सैल असलेला शर्ट तासाभराने पाठीला चिकटलेला असेल तर त्याचा उपयोग संपला. मलमल, व्हॉइल यांसारखी तलम कापडं तर लगेच चिकटतात. सुती कपड्याला हलकी खळ केली तर तो अंगापासून थोडा उभा राहतो, आणि हा जुना रिवाज इथे खरोखर कामाचा आहे. ऐन पावसात मात्र खळीच्या कपड्यावर बुरशी धरते, म्हणून कपडे पूर्ण वाळणार असतील तेव्हाच खळ करा.

कापड कोणतं घ्यायचं

दुकानात तीन गोष्टी तपासा. पहिली, कापड मागावर उभे-आडवे धागे घालून विणलेलं असावं, होजिअरी नको. टी-शर्ट, बनियन, लेगिंग, ट्रॅक पँट हे सगळं होजिअरीत येतं. दुसरी, वीण घट्ट हवी. कापडाचा एकच थर मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. उजेड सगळीकडून सारखा, धुरकट आला तर वीण दाट आहे. ठिपक्याठिपक्यांनी, प्रत्येक भोक वेगळं दिसत असेल तर ते कापड डासासाठी नको. तिसरी, तेच कापड दोन हातांत धरून तिरकं ओढा. धागे सरकून फटी पडल्या तर दोन-चार धुण्यांत ती वीण आणखी उघडेल.

या कसोट्यांना पॉपलिन उतरतं, कॅम्ब्रिक उतरतं, शर्टाचं बरंचसं टेरिकॉटही उतरतं. टेरिकॉट लवकर वाळतं, पण त्यात घाम मुरत नाही, म्हणून बागेतल्या कामाला सुती पॉपलिन बरं. ब्लाऊजचं टू बाय टू रुबिया पातळ असलं तरी दाट विणीचं असतं. खादीचं एक नाव घेऊन सांगता येत नाही. हातसुताची जाडी कमीजास्त असते, प्रत्येक ताग्याला टॉर्च लावूनच बघायला हवं. पँटसाठी ड्रिल किंवा डेनिम इतकं जाड असतं की ते मांडीवर ताणलं तरी सहसा डासाला दाद देत नाही, फक्त स्ट्रेच डेनिम घेऊ नका. जॉर्जेट, शिफॉन, जाळीचं कापड, चिकनकारी यांना अस्तर असेल तरच त्यांचा विचार करा. विंडचीटरचं घट्ट विणीचं नायलॉन डास अडवतं, पण पाऊस नसताना ते घालून काम करणं तुमच्याकडच्या हवेत शक्य नाही.

कोरं सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून वाळवा. ते पहिल्या धुण्यांत शंभरात तीन ते पाच भाग आटतं. चाळीस इंच लांबीत एक ते दोन इंच गेले, की शिंप्याकडून मुद्दाम ठेवून घेतलेला सैलपणा गेला.

शिंप्याला मापं देताना "जरा सैल शिवा" एवढं सांगून भागत नाही, आकडा सांगा. यजमानांच्या शर्टाला छातीच्या घेरापेक्षा २० सेंटिमीटर, म्हणजे आठ इंच जास्त. पाठीच्या वरच्या भागात शर्टाला दुहेरी कापडाचा शोल्डर असतोच, तो खवाटे पूर्ण झाकले जातील इतका खाली उतरवायला सांगा; जिथे कापड टेकणारच आहे तिथे दोन थर मिळतात. बाहीला बटणाचा कफ, उभी किंवा शर्टाची कॉलर. पायजम्याला मांडीचा घेर बसलेल्या स्थितीत मोजून त्यावर १५ सेंटिमीटर जास्त. लांबी बसून मोजा, कारण उकिडवं बसलं की मोहरी, म्हणजे पायजम्याचं खालचं तोंड, चांगली वीत वर सरकते आणि घोटा उघडा पडतो. एडिस डास जमिनीलगत उडतो आणि घोट्यांवर, पावलांवर मागच्या बाजूने चावतो, त्यामुळे हा उघडा पट्टा सगळ्यात महाग पडतो. मोहरीला इलास्टिक घालायचं असेल तर ते कातडीवर न बसता मोज्यावर बसेल इतकी लांबी ठेवा. बाजारात मिळणारा १.६० मीटरचा शर्ट पीस या मापांना कमी पडतो, मोठ्या पन्ह्याचं कापड असलं तरी दोन मीटर घ्या.

मुलगी, मुलगा, यजमान, सासूबाई

मुलीला लेगिंग सोडायला लावणं हा वादाचा विषय होऊ शकतो आणि त्याची गरजही नाही. लेगिंगवर गुडघ्याखाली येणारा, खालून घेरदार सुती कुर्ता घातला तर मांड्या झाकल्या जातात आणि तिथे दोन थर होतात. राहिल्या पोटऱ्या आणि घोटे. तिथे जाड मोजे किंवा त्या दिवसापुरती सलवार, पटियाला, पलाझो. फक्त पलाझोची रुंद मोहरी बसल्यावर खालून उघडी असते आणि डास आत शिरतो, तेव्हा पलाझोबरोबर मोजे हवेतच. चुडीदार मात्र घोट्यापासून पोटरीपर्यंत लेगिंगसारखाच वागतो.

मोज्यांबद्दल थोडं. नायलॉनचे पातळ मोजे डासाला अजिबात अडवत नाहीत. आतून टॉवेलसारखे असणारे जाड सुती मोजे घ्या, घोट्याच्या हाडावर कापड ताणतं तिथेच त्यांचा उपयोग होतो. आणि मोजे रोज धुवा. पायाच्या कातडीवरचे जिवाणू जो वास तयार करतात तो डासांना ओढून आणतो, आणि कालचे मोजे त्या वासाने भरलेले असतात.

मुलाचा प्रश्न तुमच्या एकटीच्या हातातला नाही. शाळेची वेळ एडिसच्या चावण्याच्या वेळेत येते. हा डास दिवसा चावतो, सूर्योदयानंतरचे दोन-एक तास आणि सूर्यास्ताआधीचे काही तास सर्वात जास्त, पण सावलीत आणि घरात मधल्या वेळेतही. बाकाखाली अंधार असतो, तिथे मुलांचे उघडे गुडघे आणि पोटऱ्या तासन्‌तास असतात. पावसाळा आणि दिवाळीपर्यंतचे महिने गणवेशाच्याच रंगाची पूर्ण पँट घालू द्यावी, असा लेखी अर्ज तुम्ही आणि आणखी चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना द्या. दिल्लीत डेंगीच्या हंगामात सरकारने शाळांना मुलांना पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत पाठवायला सांगितलं आहे, त्यामुळे ही मागणी जगावेगळी नाही. परवानगी मिळेपर्यंत गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे, आणि गुडघे व मांडीचा उघडा भाग यावर डास प्रतिबंधक मलम.

यजमानांचं म्हणणं आम्हाला पटतं. सिंधुदुर्गातल्या दमट हवेत जाड कपडा घालून नारळ सोलणं किंवा आळी करणं त्रासाचंच असतं. पण बनियन-बर्म्युडा हा बागेतला सर्वात वाईट पोशाख आहे. बागेत एडिसचा दुसरा प्रकार, अल्बोपिक्टस, सावलीत दिवसभर चावत असतो. पोफळीच्या गळालेल्या झावळ्यांचे खोलगट देठ, करवंट्या, झाडांच्या बेचक्या यांत साठलेल्या पाण्यात तो वाढतो. बनियन काढायला सांगू नका, उलट ती ठेवा. बाह्यांची बनियन आत आणि वर पातळ पॉपलिनचा सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट. घाम बनियन पिते, वरचा शर्ट बराच वेळ सुटा राहतो, आणि खांद्यावर दोन थर होतात. उघड्या दंडांवर ऊन आणि डास घेण्यापेक्षा असा शर्ट अनेकांना हलका वाटतो, पण तो खरंच सैल आणि पातळ असेल तरच. असे दोन शर्ट करा. एक भिजून पाठीला चिकटला की बदलायचा. खाली लेंगा किंवा ड्रिलची सैल पँट, पायात गमबूट. पँट बुटाच्या आत. मानेवर पंचा. हाच पोशाख हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत गोचिडांपासूनही वाचवतो. तुमच्या शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात माकडताप आढळलेला आहे, आणि तो गोचिडांमधून येतो. फिक्या रंगाच्या पँटवर चढणारी गोचीड दिसते, काळ्या पँटवर दिसत नाही.

सासूबाईंच्या लुगड्याला कमी लेखू नका. कासोट्यामुळे कमरेपासून मांडीपर्यंत कापडाचे इतके थर येतात की तिथे डासाचं काही चालत नाही. उघडं पडतं ते पोटरी, पाऊल, दंड आणि ब्लाऊजच्या खालची पाठ. संध्याकाळी पडवीत बसतात तेव्हा मांडीवरून पावलांपर्यंत सुती चादर घ्यायला द्या, घट्ट गुंडाळायची नाही, नुसती सोडायची. कोपरापर्यंत बाही आणि ब्लाऊजला अस्तर. पोटऱ्यांना मलम. वयाने कातडी पातळ झालेली असते, म्हणून मलम लावलेलं झोपण्याआधी साबणाने धुऊन टाकू द्या.

रंगाचं खरं-खोटं

पांढऱ्या कपड्याला डास येत नाही असं म्हणणं चुकीचं आहे, पण रंगाला काहीच अर्थ नाही हेही चूक. डास माणसाला टप्प्याटप्प्याने शोधतो. आधी श्वासातला कार्बन डायऑक्साइड, दहा ते पन्नास मीटरवरून. मग पाच ते पंधरा मीटरवर डोळ्यांनी. अगदी जवळ, मीटरभराच्या आत, उष्णता. रंग मधल्या टप्प्यावर कामाला येतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एडिस इजिप्ती (डेंगी पसरवणारा मुख्य एडिस) डासांना कार्बन डायऑक्साइडचा वास मिळाल्यावर ते लाल, नारिंगी, काळ्या आणि आकाशी-हिरवट रंगांकडे गेले. हिरव्या, निळ्या, जांभळ्या आणि पांढऱ्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. वास नसताना कोणताच रंग त्यांना ओढत नव्हता. माणसाची कातडी, गोरी असो की सावळी, डासाच्या डोळ्याला लाल-नारिंगीच दिसते. म्हणजे नुसती कातडी झाकणं हासुद्धा रंगाचा फायदाच आहे.

यावरून निळी शाळेची पँट चालेल असं समजू नका. नेव्ही ब्लू इतका गडद असतो की तो काळ्याच्या जवळ जातो. पांढरा, मोतिया, फिका हिरवा हे सोयीचे रंग. पण शेजारच्या खोलीत असलेला डास तुमच्या अंगापाशी पोचला की पांढरी लेगिंग आणि काळी लेगिंग यात त्याला फारसा फरक नाही. वीण आणि सैलपणा आधी, रंग नंतर. रात्री चावणाऱ्या डासांच्या बाबतीत, म्हणजे मलेरियाचा अॅनाफेलिस आणि गटारातला क्युलेक, अंधारात रंगाचा उपयोग आणखी कमी होतो. त्यांच्यासाठी मच्छरदाणी, गादीखाली नीट खोचलेली.

स्प्रे, स्टिकर आणि मलम

स्टिकर, मनगटातले पट्टे आणि कपड्यावर ठिपके लावायचे सिट्रोनेलाचे रोल-ऑन यावर पैसे घालू नका. त्यातलं तेल हवेत लवकर उडतं आणि त्याचा प्रभाव त्या ठिपक्याच्या आसपासच राहतो. मुलाच्या कॉलरला स्टिकर लावून त्याचे पाय सुरक्षित होत नाहीत, आणि आई-वडिलांना मात्र काळजी घेतल्याचं समाधान मिळतं. आमचा खरा आक्षेप या समाधानाला आहे.

कपड्यांवर मारायचं जे औषध खरोखर काम करतं ते परमेथ्रिन. ०.५ टक्क्याचं परमेथ्रिन कपड्यावर फवारून पूर्ण वाळवलं, तर त्यावर बसलेला डास गळून पडतो किंवा उडून जातो. घरी फवारलेलं औषध साधारण पाच-सहा धुण्यांत उतरतं. कारखान्यात कापडात मुरवलेलं जास्त टिकतं. ते कपड्यालाच लावायचं, कातडीला कधीही नाही. ओलं असताना मांजराला ते विषारी असतं आणि माशांना फार घातक, म्हणून त्या कपड्यांचं धुण्याचं पाणी व्हाळात किंवा विहिरीजवळ सोडू नका. विकत घेण्याआधी लेबलवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आणि "कपड्यांसाठी" असा वापर छापलेला आहे का बघा. या दोन्हींपैकी एक जरी नसेल तर घेऊ नका. लांबून मागवलेल्या बाटल्यांवर बहुतेक वेळा ते नसतं.

हे आम्ही जोर देऊन सांगतो आहोत, कारण आंब्याच्या बागा असलेल्या घरांत तुडतुड्यांवर फवारायचं सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन पडवीत ठेवलेलं असतं, गोठ्यात गुरांच्या गोचिडांचं औषध असतं. नावं मिळतीजुळती आहेत म्हणून त्यात कपडे बुडवायचा मोह होतो. त्या औषधांत शेतासाठीची द्रावणं असतात, तीव्रता वेगळी असते, आणि घामाबरोबर ती कातडीतून अंगात जातात. खरजेसाठी मिळणारं पाच टक्क्यांचं परमेथ्रिनचं मलमही डासांसाठी नाही.

परमेथ्रिनवर सगळी भिस्त ठेवू नये, याचं एक चांगलं उदाहरण थायलंडचं आहे. तिथल्या पूर्वेकडच्या ग्रामीण शाळांत २०१२ मध्ये मुलांच्या गणवेशांना परमेथ्रिन लावून बघितलं. मुलांचे गणवेश सारखे धुतले जातात. औषध अपेक्षेपेक्षा फार लवकर निघून गेलं, आणि डेंगीच्या प्रमाणात म्हणावा तसा फरक दिसला नाही. शिवाय अनेक ठिकाणचे एडिस डास या गटातल्या औषधांना निर्ढावलेले आहेत. शिवून घेतलेला सैलपणा मात्र धुण्यात जात नाही.

उघड्या राहणाऱ्या भागाला डीट किंवा पिकॅरिडिन असलेलं मलम लावा. दहा टक्के डीट साधारण दोन तास चालतं, वीस टक्के चार-पाच तास. घाम आला की त्याहून कमी. ते उघड्या कातडीलाच लावायचं, कपड्याखाली नाही. ऊन लागू नये म्हणूनचं मलम लावायचं असेल तर ते आधी, डासांचं त्यावर. मुलाच्या हातांना लावू नका, हात डोळ्यांत आणि तोंडात जातात. कपड्यांच्या बाबतीत एक महत्त्वाची गोष्ट : डीट सुती, लोकरी आणि नायलॉनच्या कापडाला काही करत नाही, पण लायक्रा, रेयॉन, घड्याळाचा प्लास्टिक पट्टा, चष्म्याची फ्रेम हे खराब करतं. मुलीच्या लेगिंगवर डीट फवारलं तर लेगिंग जाईल. तिथे पिकॅरिडिन वापरा.

कपड्यांच्या पलीकडचं, थोडक्यात

कपडे चावे कमी करतात, डास कमी करत नाहीत. आठवड्यातला एक कोरडा दिवस पाळून पिंप, हंडे, फ्रिजमागचं भांडं घासून कोरडं करणं आणि बागेतल्या करवंट्या पालथ्या घालणं चुकवू नका. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. वाडीत ज्याला डेंगी होईल त्याने तापाच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत दिवसाही मच्छरदाणीत राहावं आणि अंगभर सैल कपडे घालावेत. त्याला चावलेला डासच पुढे दुसऱ्यांना आजार देतो, त्यामुळे त्या घरात सर्वात जास्त झाकून घ्यायला हवं ते आजारी माणसानेच. घरात कुणाला ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल द्या, ऍस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका आणि लगेच रक्त तपासून घ्या.

आणि दाराआडच्या खुंट्या रिकाम्या करा. एडिस इजिप्ती घरातच, अंधाऱ्या आणि न हलणाऱ्या जागी विसावतो : पलंगाखाली, पडद्यांमागे आणि विशेषतः टांगून ठेवलेल्या कपड्यांच्या घड्यांत. गडद रंगाचे, घामाचे, दोन-तीन दिवस लोंबणारे कपडे त्याला फार सोयीचे. वापरलेले कपडे झाकणाच्या टोपलीत, धुतलेले कपाटात. मुलाची पँट रात्री खुंटीवरच राहत असेल, तर सकाळी ती अंगणात नेऊन आत-बाहेर झटका आणि मगच त्याला घालायला द्या.